पेडणे गेले ते कसे? तिसरे खेम सावंत आणि परावलंबनाचा वाद

गोव्याच्या नकाशात तेरेखोल हे गाव चुकून पडल्यासारखे दिसते. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडली की पलीकडे टेकडी, टेकडीवर किल्ला, पायथ्याशी थोडी घरे, आणि त्यापलीकडे जमिनीवर सगळा सिंधुदुर्ग जिल्हा. किल्ला सावंत-भोसल्यांचा, 1746 साली तो पोर्तुगीजांनी घेतला आणि 1961 पर्यंत सोडला नाही. नदीच्या अलीकडचा पेडणे महाल मात्र आणखी चाळीसेक वर्षे सावंतवाडीकरांकडे होता. तो गेला 1788 साली, आणि तोही एखाद्या मोठ्या लढाईत नव्हे, करारात. त्याआधी डिचोली-साखळी आणि सत्तरी गेली होती. आज गोव्याच्या उत्तर टोकाचे जे तीन तालुके आपण सहज गोव्याचे म्हणून मोजतो, ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत सावंतवाडीच्या हातून निसटले आहेत.

त्या वेळी वाडीच्या गादीवर तिसरे खेम सावंत होते. 1755 ते 1803 अशी अठ्ठेचाळीस वर्षे त्यांनी राज्य केले. एवढी दीर्घ कारकीर्द आणि तिच्या शेवटी एवढे आकसलेले राज्य, यामुळे त्यांच्याबद्दलचा वाद दीडशे वर्षे चालू आहे. परक्याच्या आधाराने जगणारा दुबळा राजा, की चारी बाजूंनी घेरलेला असताना गादी टिकवणारा मुत्सद्दी? इंग्रजी, पोर्तुगीज आणि मराठी अशा तिन्ही भाषांतल्या लेखकांनी या प्रश्नाला आपापली उत्तरे दिली आहेत. ती आज कुठवर आली आहेत, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

पूर्वपीठिका

वाडीचे सावंत आणि गोव्याचे पोर्तुगीज यांचे नाते कधीच सरळ नव्हते. शिवाजी महाराजांच्या फौजेपुढे लखम सावंतांनी आश्रय शोधला तो गोव्यातच. पुढे दोनतीन पिढ्या डिचोलीवरून चकमकी होत राहिल्या. 1739 मध्ये पेशव्यांची फौज वसई-साष्टीवर चालून गेली, तेव्हा वाडीकर बार्देशात घुसले. 1741 मध्ये लौरिसालच्या मार्किशने ते परत घेतले. 1746 हे वर्ष त्याहून महत्त्वाचे. त्या वर्षी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हळर्णचा किल्ला जिंकला आणि त्या विजयाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला ‘अलोर्नाचा मार्किश’ केले. पेडण्यातल्या एका नदीकाठच्या गावाचे नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला कायमचे चिकटले, हा योगायोग गंमतीचा खरा, पण पोर्तुगीजांना हा मुलूख किती हवा होता हेही त्यातून कळते. डिचोली, साखळी, तेरेखोल, रेडी, निवती अशी ठाणी त्या दोनतीन वर्षांत गेली.

या मोहिमेत साखळीचे सत्रोजी राणे पोर्तुगीजांच्या बाजूने गेले आणि बदल्यात त्यांनी आपले मोकासे व हक्क मान्य करून घेतले. ही गोष्ट पुष्कळदा तळटीपेत जाते. ती मुख्य मजकुरात यायला हवी, कारण सत्तरीवर वाडीचा अंमल होता म्हणताना तो प्रत्यक्षात राण्यांमार्फत होता, हे विसरले तर पुढचे काहीच उलगडत नाही.

पोर्तुगीजांना हे सगळे पचवता आले नाही. व्हाइसरॉय कोंद द अल्वा 1756 साली फोंड्याजवळ मर्दनगडाच्या लढाईत मारला गेला. त्याच्यानंतर आलेल्या कोंद द एगाच्या काळात डिचोली-हळर्णकडचा बराच मुलूख पुन्हा वाडीला मिळाला. म्हणजे खेम सावंतांच्या सुरुवातीच्या वर्षांत वाडीची गोव्याकडची बाजू बऱ्यापैकी भक्कम होती. संकट आले ते दुसऱ्या दिशांनी.

कोणाला काय दिले

खेम सावंतांच्या कारकिर्दीकडे पाहण्याची सोपी रीत म्हणजे जमाखर्च मांडणे. मदत कोणाची घेतली आणि तिच्यासाठी काय मोजले?

पहिले खाते इंग्रजांचे. किनाऱ्यावरच्या वाडी आणि करवीर (कोल्हापूर) या दोन्ही दरबारांच्या गलबतांचा मुंबईकर इंग्रजांना जाच होता. 1765 साली त्यांच्या आरमाराने करवीरकरांचा सिंधुदुर्ग आणि वाडीकरांचा रेडीचा यशवंतगड घेतला. रेडी सोडवायची तर दंड भरणे आले. 1766 च्या तहात दोन लाख रुपये ठरले. एवढी रोकड वाडीच्या खजिन्यात नव्हती. मग वेंगुर्ले महाल तेरा वर्षांसाठी विठोजी कोमटी नावाच्या सावकाराकडे गहाण पडला आणि वेंगुर्ल्याला इंग्रजांची वखार बसली.

या गहाणाची पुढची हकिगत बारकाईने पाहण्याजोगी आहे. सावकाराला महालाचा वसूल सुखासुखी गोळा करू द्यायचा नाही, अशी वाडीची चाल दिसते. मुदत भरली तेव्हा हिशेब पुरा झाला नाही म्हणून इंग्रजांनी महाल सोडला नाही. 1780 च्या जूनमध्ये खेम सावंतांच्या माणसांनी वेंगुर्ल्यावर चालून जाऊन वखार लुटली. वेळ अचूक साधली होती. इंग्रज तेव्हा पेशव्यांशी आणि शिंद्यांशी लढण्यात गुंतले होते. इंग्रजी साधनांत याला विश्वासघात म्हटले आहे. वाडीच्या बाजूने पाहिले तर मुदत संपलेले गहाण जबरीने सोडवले, एवढेच झाले. मात्र सावकार आणि त्याचा परदेशी पाठीराखा यांना राज्याच्या उत्पन्नाची चावी एकदा दिली की काय होते, हे या प्रकरणाइतके दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसते.

दुसरे खाते शिंद्यांचे. 1763 साली खेम सावंतांचे लग्न जयाप्पा शिंद्यांची मुलगी लक्ष्मीबाई हिच्याशी झाले. महादजी शिंदे तिचे काका. उत्तर हिंदुस्थानात महादजींचे वजन वाढत गेले तसा वाडीला दिल्लीच्या दरबारात वशिला मिळाला आणि 1780 च्या दशकाच्या मध्यात ‘राजेबहादूर’ किताब आणि मोरचेलांचा मान आला. शिंद्यांच्या लष्करात या भागातली माणसे आधीच होती. महादजींचे बक्षी जिवबादादा पेडण्यातल्या केरीचे. पालये गावच्या घराण्यातले, बांद्याचे कुळकर्णीपण सोडून योगी झालेले सोहिरोबा आंबिये महादजींना भेटायला गेले, ही कथा आजही पेडण्यात सांगितली जाते. थोडक्यात, वाडीचा मोठा आधार समुद्रापलीकडचा नव्हता, ग्वाल्हेर-उज्जैनचा होता.

पण हा किताबच महागात पडला. करवीरचे छत्रपती शिवाजी महाराज (दुसरे) यांना वाडीकरांनी मोरचेले मिरवणे रुचले नाही. सावंत मूळचे सरदार, ही त्यांची धारणा. सीमेवरच्या वतनांची जुनी भांडणे होतीच. करवीरच्या फौजेने 1787 च्या सुमारास वाडीचे किल्ले घेण्याचा सपाटा लावला. महादजी त्या वेळी राजपुतान्यात लालसोटच्या मोहिमेत अडकलेले. त्यांची मदत इतक्या लांबून वेळेवर पोचणे शक्य नव्हते.

आणि म्हणून तिसरे खाते उघडले, पोर्तुगीजांचे. डिचोली-साखळी 1781 मध्ये गव्हर्नर फ्रेदेरिको गिल्येर्मे द सौझाने आधीच परत घेतली होती; वाडी इतर आघाड्यांवर अडकली होती तेवढ्यात. आता करवीरकरांना थोपवण्यासाठी त्याच पोर्तुगीजांकडे फौज मागायची पाळी आली. गोव्याचा गव्हर्नर फ्रान्सिस्को द कुन्या इ मेनेझिस याने मदत दिली. 1788 च्या करारात पेडणे पोर्तुगीजांकडे आले आणि डिचोली व सत्तरीवरचा त्यांचा ताबा कागदावर पक्का झाला.

पाच वर्षांनी, 1793 मध्ये, शिंद्यांच्या दबावामुळे करवीरकरांनी घेतलेले किल्ले वाडीला परत मिळाले. पेडणे मात्र परत आले नाही.

तीन दप्तरे, तीन खेम सावंत

या माणसाबद्दलचे पहिले सुसंगत चित्र 1880 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, रत्नागिरी-सावंतवाडीच्या दहाव्या खंडात आले. त्यात वाडीचा इतिहास म्हणजे चाचेगिरी, मोडलेले तह आणि घरातले बखेडे यांची साखळी. खेम सावंत त्यात सतत कोणाशी तरी लढणारे आणि सतत हरणारे राजे. गॅझेटियरच्या कर्त्यांना हे चित्र सोयीचे होते. 1838 मध्ये कंपनी सरकारने अव्यवस्थेचे कारण देऊन वाडीचा कारभार स्वतःच्या हाती घेतला होता; आधीचे राजे बेभरवशाचे होते हे दाखवले की तो निर्णय आपोआप योग्य ठरतो. तरीही या खंडातली घटनाक्रमाची चौकट आजही सगळे वापरतात, कारण ती इंग्रजी तहनाम्यांवर उभी आहे आणि तहनामे खरे आहेत.

पोर्तुगीज बाजूची मांडणी वेगळी. तिच्यात हा प्रदेश ‘नव्या काबिजादी’त मोडतो. 1763-64 नंतर सोंद्याच्या राजाकडून आलेले फोंडा, केपे, सांगे, काणकोण हे महाल आणि सावंतांकडून आलेले उत्तरेचे महाल मिळून ही काबिजाद झाली. जुन्या गोव्यात देवळे पाडली गेली, तसे इथे होणार नाही, हिंदूंचे धर्म, देवस्थाने आणि रूढी पाळल्या जातील, असे धोरण लिस्बनने ठरवले. पुढे त्या रूढींच्या संहिताही छापल्या गेल्या. या मांडणीत खेम सावंत स्वखुशीने मुलूख देणारे शेजारी राजे आहेत आणि पोर्तुगीज हे शांतता आणणारे. पोर्तुगीज तहांचे मोठे संग्रह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले, त्यांनी या बाजूला कागदी बळ दिले. मात्र तहातली ‘खुशी’ ही वेढ्यात सापडलेल्या माणसाची खुशी होती, हे त्या कागदांत लिहिलेले नसते.

मराठी बाजूची पहिली मोठी मांडणी वि. पु. पिंगुळकर यांच्या ‘सावंतवाडी संस्थानचा इतिहास’ या ग्रंथात आहे. संस्थानी इतिहासाची जी शैली असते तीच इथेही आहे: राजाबद्दल आदर, घराण्याच्या प्रतिष्ठेची काळजी. पण करवीरशी असलेल्या वैराचे घरचे धागेदोरे त्यांच्याइतके कोणी उलगडलेले नाहीत. त्यांच्या खेम सावंतांचा खरा शत्रू गोव्यात नाही, कोल्हापुरात आहे. मला ही गोष्ट पटते. 1788 चा करार पोर्तुगीजांच्या इतिहासात विस्ताराचा टप्पा असेल, वाडीच्या इतिहासात तो करवीरच्या भांडणाचा उपसर्ग आहे.

पिसुर्लेकरांनी काय बदलले

या तीन चित्रांना एकमेकांसमोर आणण्याचे काम पांडुरंग पिसुर्लेकर यांनी केले. पिसुर्लेकर डिचोलीतल्या पिळगावचे. 1930 पासून मुक्तीपर्यंत ते पणजीच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख होते. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ 1967 साली पुणे विद्यापीठाने काढला, आणि त्याआधी पोर्तुगीजांच्या हिंदी वकिलांवर त्यांनी पोर्तुगीजमध्ये पुस्तक लिहिले होते. त्यांनी दाखवून दिले की गोवा सरकार आणि शेजारचे राजे यांच्यातला व्यवहार फक्त तहांचा नव्हता, तो रोजच्या पत्रांचा, वकिलांचा, दुभाष्यांचा होता. ‘शेजारी राजे’ या नावाच्या वह्यांत गोव्यातून गेलेली पत्रे उतरून ठेवली आहेत. त्या वह्या म्हणजे वाडीच्या अभ्यासकाला मिळालेले घबाडच.

त्या पत्रव्यवहारातून जी वाडी दिसते ती याचकाची नाही. पोर्तुगीजांनाही वाडीची गरज होती: बार्देशच्या उत्तर सीमेवर शांतता हवी, तांदूळ हवा, पेशवे आणि करवीर यांच्या हालचालींची बातमी हवी. पुढे डॉ. एस. के. म्हामाई यांनी सावंत आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून हाच धागा पुढे नेला. आज या विषयावर बोलताना ‘दुबळा राजा’ एवढे म्हणून कोणी गंभीर अभ्यासक थांबत नाही, याचे श्रेय या दप्तरी परंपरेला.

तरी एक तक्रार राहते. दप्तर पोर्तुगीजांचे, त्यामुळे प्रश्नही शेवटी पोर्तुगीजांचेच: सीमा, तह, वकील. पेडण्यातले देशप्रभू, डिचोलीचे गावकर, सत्तरीचे राणे यांना 1788 मध्ये नेमके काय वाटले, हे त्या वह्या सांगत नाहीत.

रोमच्या दाराशी एक राजा

परक्या सत्तेच्या आधाराने गादी टिकवणाऱ्या राजांची चर्चा जगभरच्या इतिहासकारांत चालते, आणि तिचे नेहमीचे उदाहरण म्हणजे इजिप्तचा बारावा टॉलेमी, क्लिओपात्राचा बाप. इ.स.पू. 80 मध्ये तो गादीवर आला. पावा वाजवण्याच्या शौकावरून लोकांनी त्याला ‘ऑलेटीस’ म्हणजे पावावाला हे नाव ठेवले. रोमने आपल्याला राजा म्हणून मान्य करावे, यासाठी त्याने इ.स.पू. 59 मध्ये सीझरला सहा हजार टॅलेंट कबूल केले आणि ‘रोमन जनतेचा मित्र’ हा किताब मिळवला. पुढच्याच वर्षी रोमने सायप्रस बळकावले, आणि ते निमूट पाहणाऱ्या राजाला प्रजेने हाकलले. तीन वर्षांनी सीरियाचा रोमन सुभेदार गॅबिनियस याने दहा हजार टॅलेंटच्या वायद्यावर त्याला पुन्हा गादीवर बसवले. कर्ज फेडता येईना, तेव्हा रॅबिरियस पोस्टुमस नावाचा रोमन सावकारच इजिप्तचा अर्थमंत्री झाला.

किताब, गहाण, सावकार, गेलेला प्रांत: वाडीच्या कहाणीतले सगळे तुकडे इथे आहेत. पण एक मोठा फरक आहे आणि तुलनेचा उपयोग त्या फरकातच आहे. टॉलेमीसमोर एकच रोम होते आणि ते चढते होते. खेम सावंतांसमोर चार दरबार होते, आणि ज्याला पेडणे दिले तो स्वतः डळमळीत होता. 1787 मध्ये, म्हणजे करार होण्याच्या आदल्या वर्षी, गोव्यात पिंटोंचा कट उघडकीला आला. गोवेकर ख्रिस्ती धर्मगुरू आणि लष्करी अधिकारीच सरकार उलथवायच्या तयारीत होते. 1799 पासून 1813 पर्यंत तर आग्वाद आणि काबोवर इंग्रजांची फौज बसली होती. असा आधारदाता आधार देतो तो स्वतःच्या सीमेची तटबंदी म्हणून. पेडणे पोर्तुगीजांना बार्देशच्या रक्षणासाठी हवे होते. वाडीचे रक्षण हा त्यातला जोडधंदा.

सोंद्याच्या राजाचे उदाहरण याहून जवळचे आहे. हैदर अलीने राज्य घेतल्यावर ते गोव्यात आले, पोर्तुगीजांच्या तनख्यावर बांदोड्याला राहिले आणि मुलूख कायमचा देऊन बसले. तसे परावलंबन खेम सावंतांच्या वाट्याला आले नाही. ते शेवटपर्यंत वाडीत, आपल्याच कारकिर्दीत बांधलेल्या राजवाड्यात राहिले.

नंतरचे

1803 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा मुलगा नव्हता. लक्ष्मीबाईंसह विधवा राण्या, दत्तक, भाऊबंद यांत गादीचा झगडा पेटला. दत्तक घेतलेल्या रामचंद्र सावंतांचा 1807 मध्ये गळा दाबून खून झाला. 1812 च्या तहाने वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले, 1819 मध्ये संपूर्ण राज्य त्यांच्या संरक्षणाखाली आले. 1844-45 च्या बंडात युवराज अण्णासाहेब पळून गेले ते गोव्यात, आणि इंग्रजांनी मागूनही पोर्तुगीजांनी त्यांना हवाली केले नाही. लखम सावंतांपासून चालत आलेली वाट तेव्हाही उघडी होती.

गोव्याच्या बाजूला, पेडण्याच्या देशप्रभूंना पोर्तुगीज दरबाराने व्हिस्काउंट केले. सत्तरीच्या राण्यांनी मात्र वेळोवेळी बंडे केली. 1852 चे दीपाजी राण्यांचे बंड त्यांत सर्वांत गाजले. एकाच काबिजादीतल्या दोन घराण्यांनी नव्या धन्याशी असे उलटे वागणे, यावरून ‘खेम सावंतांनी मुलूख दिला’ हे वाक्य किती अपुरे आहे ते दिसते. खाली प्रत्येक महालात वेगळा व्यवहार झाला होता.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न कराराच्या स्वरूपाचा. पेडणे कायमचे दिले, की फौजेच्या खर्चाची हमी म्हणून? वेंगुर्ल्याच्या बाबतीत खेम सावंतांनी गहाण आणि देणगी यांत काटेकोर फरक केला होता. मुदत संपताच त्यांनी महाल हिसकावून घेतला. तोच राजा पेडणे इतक्या सहज कायमचे लिहून देईल का, ही शंका रास्त आहे. दुसरी बाजू म्हणते की 1788 मध्ये त्यांना पर्यायच नव्हता आणि डिचोली आधीच गेलेली असल्याने पेडणे राखणे कठीण होते. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, पण कराराच्या पोर्तुगीज आणि मराठी मसुद्यांची शब्दशः तुलना झाल्याशिवाय तो कलच राहील.

दुसरा प्रश्न निर्णय कोणाचा याचा. खेम सावंत लहानपणी गादीवर आले आणि सुरुवातीची वर्षे कारभाऱ्यांच्या हाती होती. पुढे लक्ष्मीबाईंचे माहेर हाच दरबारातला सर्वांत वजनदार पक्ष झाला. 1788 चा करार शिंद्यांच्या पक्षाला मान्य होता, की तो त्यांच्या अनुपस्थितीत झाला? जिवबादादांचे स्वतःचे गाव पोर्तुगीजांकडे जात असताना महादजींच्या छावणीत काय बोलले गेले, याचा शोध ग्वाल्हेरच्या कागदांत घ्यायला हवा.

तिसरा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न खालच्या थराचा. देवस्थानांच्या वह्या, गावकरीचे ठराव, वतनांच्या सनदा यांतून धनी बदलल्याची नोंद कशी झाली? वसूल कोणत्या साली पणजीला जाऊ लागला? ‘परावलंबी राजा’ हा वाद वाडीच्या राजवाड्यापुरता राहिला, तर पेडणे आणि डिचोली हे त्यात नुसते मोबदल्याचे नाव उरते.

एवढे मात्र म्हणता येईल की खेम सावंत एका परक्या सत्तेचे अंकित नव्हते. त्यांनी प्रत्येक संकटाला वेगळा आधार शोधला आणि प्रत्येक आधाराची किंमत राज्याच्या वेगळ्या कोपऱ्यातून दिली. अठ्ठेचाळीस वर्षे गादी राहिली, कोपरे गेले. यापुढचे काम मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणाऱ्यांचे आहे. गोवा आणि कोकणातल्या महाविद्यालयांतून दोन्ही लिप्या-भाषा शिकलेले चारदोन तरुण जरी निघाले, तरी 1788 च्या कराराची टीपांसह मराठी आवृत्ती निघू शकेल. ती आधी काढावी. खेम सावंतांवरचा निकाल त्यानंतर.